वानखडेभाऊंच्या बारा टोप्या

ती टोपी मी घातली होती. वानखडेभाऊंनी नाही. हे वाक्य आधी लिहून टाकतो, कारण ते मागे ठेवलं तर पुढे मी त्यांच्याविषयी जे काही गमतीचं सांगणार आहे ते सांगण्याचा मला हक्क उरत नाही.

टोपी म्हणजे डोक्यावरची नव्हे. मोठ्या इमारतींमध्ये छताला बशीएवढं पांढरं यंत्र चिकटवलेलं असतं. त्यात बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. धूर आला की ते कळवतं आणि सगळ्या इमारतीत भोंगा वाजतो. रंगकाम, झाडझूड चाललेली असली की धूळ आत जाऊ नये म्हणून त्या यंत्रावर प्लास्टिकची टोपी बसवतात. काम संपलं की काढायची. काढायची राहिली तर खाली होळी पेटली तरी त्या यंत्राला पत्ता लागत नाही.

ही यंत्रं तपासायला दर तीन महिन्यांनी अकोल्याहून आमच्याकडे प्रल्हाद वानखडे यायचे. मी अमरावतीच्या एका कोचिंग क्लासचा व्यवस्थापक आहे. तीन मजले, नऊ वर्ग, एक अभ्यासिका आणि दर्यापूर, तेल्हारा, धारणी अशा सगळीकडून डॉक्टर व्हायला आलेली मुलं. शिकवण्याशी माझा संबंध नाही. पंखे, पाणी, हजेरी आणि पालकांचे फोन एवढं माझ्याकडे असतं. तरी सगळे मला पाठकसर म्हणतात आणि मीही कोणाला दुरुस्त करत नाही.

वानखडेभाऊ पहिल्यांदा आले तेव्हा दारातच थांबले. साठीला टेकलेला, उंच, वाळका माणूस. खांद्यावर खाकी पिशवी, हातात शिडीइतका लांब दांडा. त्यांनी डोळे मिटले, मान वर केली आणि तीन वेळा वास घेतला. मला वाटलं, देवाचं नाव घेताहेत.

"दुसऱ्या मजल्यावर कोनी मॅगी केली हाय," डोळे मिटलेलेच ठेवून ते म्हणाले. "अन् एखांद्या पंख्याची वायंडिंग तापून रायली. मॅगीचं जाऊ द्या. पंखा पाहा."

मी मॅगी करणारा पकडला, पंखा पाहिला नाही. आठवड्याने सहा नंबरच्या वर्गातला पंखा धूर सोडून बंद पडला.

तपासणीच्या दिवशी ते आल्याचा चहा घेत नसत, अत्तर लावलेल्या माणसाशी हात मिळवत नसत आणि जेवायला फोडणी न दिलेलं वरण आणत. "नाक बिघडते, सर." स्वतःच्या नाकावर त्यांचा जसा जीव, तसाच छतावरच्या नाकांवर. कारण त्या धुराच्या यंत्रांना ते नाकच म्हणत. स्वयंपाकाच्या जागी धुराचं यंत्र लावून चालत नाही, दर फोडणीला भोंगा वाजेल, म्हणून तिथे उष्णतेवर चालणारं लावतात. त्याचं नाव चामडी. खालच्या मजल्यावरची पेटी, जिथे सगळ्या तारा येऊन मिळतात, ते डोस्कं. आणि भोंगा म्हणजे नरडं.

"नाकाले कळते, चामडीले कळते, पन ओरडत कोनीच नाई," ते मला शिकवत. "ते डोस्क्याले सांगते. डोस्कं इचार करते अन् मंग नरड्याले सांगते, बोंबल. मानसाचं उलटं असते. आधी बोंबलते, मंग इचार करते."

नाकाला कळतं कसं, हे त्यांनी मला एका दुपारी दाखवलं. अभ्यासिकेच्या बंद खिडकीच्या फटीतून उन्हाची तिरीप येत होती. मुलं दाबून अभ्यास करत होती. वानखडेभाऊंनी एका मुलाच्या पुस्तकावर चापट मारली. धूळ उडाली आणि तिरीप झगझगीत दिसायला लागली.

"पाह्यलं? उजेड पयलेही होता. दिसत नोता. धूय आली त दिसला. या नाकाच्या पोटात अंधारी खोली हाय. एक बारका दिवा हाय अन् एक डोया हाय. डोया दिव्याकडं पाहातच नाई, आडवा बसवला हाय. हवा साफ, तवर डोयाले अंधार. धूर आत गेला, उजेड फाकला, डोयाले दिसला. खेल खतम."

पुस्तकाचा मालक हे तोंड उघडं टाकून ऐकत होता. फिजिक्सच्या सरांनी हाच धडा चार तास शिकवला होता, तो मला आज कळला, असं तो नंतर म्हणाला. फिजिक्सच्या सरांना मी हे कळवलं नाही.

"मग नुसती धूळ गेली तर?" मी विचारलं.

"तरी बोंबलते. म्हनून त आपल्या इकडं कठीन. फाल्गुन चैत्रात कपाशीचं फुसकट, मंग धूय, मंग लग्नाच्या वरातीचा धूर. पुस्तक लिवनाऱ्यानं वऱ्हाड पाह्यलंच नाई."

प्रत्येक यंत्राला नंबर असतो. पेटी दर काही सेकंदांनी एकेका नंबराची हजेरी घेते, हाय का, हाय, हाय का, हाय. वानखडेभाऊंना आमच्या इमारतीतले सगळे नंबर स्वभावासकट पाठ होते. सतरा नंबर चिडका. एकतीस आळशी, दोनदा विचारल्याशिवाय उत्तर देत नाही. आठ नंबर अभ्यासिकेतला, "गरीब हाय बिचारा, त्याच्या खाली पंखा हाय, जन्मभर धूय खाऊन रायला." दांड्याच्या टोकाला धुराचा फवारा सोडणारा डबा लावून ते एकेकाला चाचणीचा धूर देत. याला ते चिलीम पाजणं म्हणत. एकदा व्हरांड्यात ते मोठ्याने म्हणाले, "थांबा सर, सतराले चिलीम पाजतो अन् येतो," आणि आमचे मालक, ज्यांना मुलं आणि आम्ही सगळे मोठे सर म्हणतो, हातातला खडू घेऊन वर्गाबाहेर धावले. सतरा रोल नंबरचा मुलगा कोण हे शोधण्यात अर्धा तास गेला.

आग लागली तर बाहेर कसं पडायचं, याची तालीम घ्या म्हणून ते वर्षभर माझ्यामागे लागले होते. मी रविवार सुचवला. मुलं नसतात, अभ्यास बुडत नाही.

"रिकाम्या घराची परीक्षा घेता काय, सर?"

शेवटी बुधवारी घेतली. भोंगा वाजला आणि मुलं बाहेर आलीच नाहीत. वानखडेभाऊ घड्याळ धरून खाली उभे. वर जाऊन पाहिलं तर प्रत्येक वर्गाच्या दारात सत्तर जोड चपलांचा ढीग आणि त्यात वाकून सत्तर मुलं आपापली चप्पल शोधत होती. एक मुलगी म्हणाली, "सर, नवी आहे."

वानखडेभाऊ पायरीवर बसले. "मानूस आगीत नाई अडकत, सर. चपलीत अडकते." त्या दिवसापासून चपला खालच्या मजल्यावर ठेवायचा नियम झाला. मुलांनी त्यांना बरीच नावं ठेवली.

लग्नाला गेले तरी हेच. अकोल्यातल्या एका मंगल कार्यालयात मंगलाष्टकं चालू असताना ते अक्षता मुठीत धरून उठले आणि कुलूपबंद मागच्या दारापाशी जाऊन उभे राहिले. किल्ली येईपर्यंत हलेनात. "तुमी चालू द्या, मी हितून टाकतो," असं म्हणून त्यांनी तिथूनच अक्षता टाकल्या. नवऱ्या मुलाच्या मामाने विचारलं, हे कोणाकडून आलेत? दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

आता टोप्या. पिशवीत त्यांच्या बारा पिवळ्या टोप्या असत. एका वेळी एका व्हरांड्यातली यंत्रं साफ करायची, शेजारच्यांवर टोप्या घालायच्या, काम झालं की काढायच्या. निघताना ते माझ्या टेबलावर त्या बाराही टोप्या मांडून मोठ्याने मोजत. मग पिशवीत भरताना पुन्हा मोजत. बस स्टँडवर गेल्यावर तिसऱ्यांदा मोजत, हे मी स्वतः पाहिलं आहे, कारण एकदा मी त्यांना गाडीवर सोडायला गेलो होतो. बाजूचा प्रवासी विचारत होता, कशी दिली?

"इतकं काय मोजता हो?" मी म्हणालो.

"टोपी घातलेलं नाक बी हजेरी देते, सर. हाय का म्हटलं त हाय म्हनते. डोस्क्याले वाटते सारं बराबर हाय. मेलेलं नाक समजून येते, टोपीवालं नाई समजत."

हे मला माहीत होतं. हे माहीत असूनच मी केलं.

माझे वडील भिक्षुकी करायचे. सकाळी ऊद लावल्याशिवाय त्यांनी कधी काम सुरू केलं नाही आणि मीही करत नाही. माझ्या केबिनमध्ये लाकडी फळीच्या आडोशाला इन्व्हर्टर आणि त्याच्या बॅटऱ्या, फळीच्या अलीकडे माझं टेबल, टेबलावर गणपतीची लहान मूर्ती आणि बरोबर वर बावीस नंबरचं नाक. दोन वेळा ऊदाने भोंगा वाजला. दुसऱ्या वेळी वर चाचणी परीक्षा चालू होती. मोठे सर लालबुंद होऊन आले. मी म्हणालो, चहाचं दूध उतू गेलं.

वानखडेभाऊंनी बावीस नंबरचा नुसता वास घेतला आणि माझ्याकडे पाहून हसले. "सर, याच्या जागी चामडी लावून देतो. मोठ्या सरायची सही लागंन फक्त." सही घ्यायची म्हणजे ऊद कबूल करायचा. मी म्हटलं, पाहू.

नव्या यंत्रांच्या खोक्यांबरोबर आलेल्या तशाच पिवळ्या टोप्या आमच्या अडगळीच्या खोलीत पडल्या होत्या. त्यातली एक मी घेतली. रोज सकाळी स्टुलावर चढून बावीस नंबरवर ती घालायची, ऊद लावायचा, अर्ध्या तासाने काढायची. महिनाभर हे व्यवस्थित चाललं. एका शुक्रवारी वानखडेभाऊ येऊन सगळी तपासणी करून गेले. शनिवारी मी टोपी घातली, तेवढ्यात एका पालकाचा फोन आला आणि ती काढायची राहिली.

रविवारी सुटी, सोमवारी मी रजेवर; मंगळवारी दुपारी बॅटरीच्या तारा पेटल्या. मी घरून परस्पर बँकेत गेलो होतो. केबिन बंद होती. धूर आतल्या आत भरत राहिला आणि दाराच्या फटीतून बाहेर येऊन व्हरांड्यातल्या तेवीस नंबरपर्यंत पोचला तेव्हा कुठे भोंगा वाजला. मुलं खाली उतरली, अनवाणी, तीन मिनिटांत. कोणाला काही झालं नाही. माझी केबिन, कपाटं, वर्षभराच्या उत्तरपत्रिका गेल्या.

दुसऱ्या दिवशी यंत्रांच्या कंपनीचे साहेब आले. वानखडेभाऊंनाही बोलावलं होतं. साहेबांनी दांड्याने बावीस नंबर खाली काढला. त्यावर अर्धवट वितळलेली पिवळी टोपी.

"वानखडे, शुक्रवारी सर्व्हिसिंग तुम्हीच केलं ना?"

वानखडेभाऊंनी ते यंत्र हातात घेतलं. टोपीच्या कडेवरून बोट फिरवलं. "मी मोजल्या होत्या, सायेब. बारा भरल्या."

"मग ही तेरावी आली कुठून?"

मोठे सर माझ्याकडे पाहत नव्हते. कोणीच माझ्याकडे पाहत नव्हतं. बोलायला तेवढाच वेळ होता, फार तर दोन श्वासांचा. मी काजळी धरलेल्या भिंतीकडे पाहत राहिलो. नंतरही जिना उतरताना बोलता आलं असतं, ते निघताना बोलता आलं असतं, फोनवर बोलता आलं असतं. मी बोललो नाही.

"असंन," वानखडेभाऊ हळूच म्हणाले. "राह्यली असंन."

मी स्वतःची समजूत घातली ती अशी, की एक ठपका बसेल, चार दिवसांनी सगळे विसरतील. पुढच्या तपासणीला ते आले की मी त्यांना एकट्याला गाठून सांगेन. पण पुढच्या तपासणीला दुसराच तंत्रज्ञ आला. कानात गाणं घालून त्याने तासाभरात सगळं उरकलं. टोप्या मोजल्या नाहीत.

"वानखडेभाऊ?"

"त्याइनं काम सोडलं ना. सायेब म्हनत होते राहा, होते एखांद्या वेळी. पन ऐकलं नाई. म्हने माह्या डोस्क्याचा भरोसा नाई रायला. त्याइचे मोठे भाऊ असेच विसरायला लागले होते म्हने, शेवटी घरचेबी ओयखू येत नोते. आता वानखडेभाऊ घरीच असते. वैनीचं शुगरचं इंजेक्शनबी देत नाई. भीती वाटते, दोनदा देल्या जाईन म्हनून."

मी मोठ्या सरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "झालं ते झालं, पाठक. आता कशाला उकरता?" एका क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं आणि पुढच्याच क्षणी कळलं, की ही सुटका त्यांच्या हातात नव्हती. कंपनीला पत्र लिहिलं आणि रविवारी सकाळी अकोल्याची बस धरली. बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत बोलायचं काय ते पाठ करत होतो. चांगलं तीन-चार परिच्छेदांचं झालं होतं.

घर दोन खोल्यांचं, अंगणात पेरू. वानखडेभाऊ ओट्यावर बसले होते. मला पाहून ते इतके खूश झाले, की माझा पहिला परिच्छेद तिथेच गेला.

"सर! या, या, बसा. सुमन, पाठकसर आले अमरावतीचे! सतरा कसं हाय? अजून चिडते? एकतीसचं बूड बदललं का? म्या सांगून ठेवलं होतं. आठ नंबर साफ करा म्हना महिन्याले, त्याच्या खाली पंखा हाय."

सगळे नंबर त्यांना पाठ होते. म्हणजे डोकं शाबूत होतं, पण त्यांना ते कळत नव्हतं. घरभर चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. गॅसपाशी 'बंद केला का', दारापाशी 'किल्ली', देवाजवळ 'दिवा'. त्या वाचत ते मला घर दाखवत होते, जशी मी नव्या पालकांना इमारत दाखवतो.

शेजारच्या बाई इंजेक्शन द्यायला आल्या. सुमनवहिनींना नजर फार कमी, स्वतःला टोचता येत नाही. वानखडेभाऊ उठून दाराबाहेर जाऊन उभे राहिले, पाठ करून.

"अकरा वर्षं यायनंच देल्लं," वहिनी मला म्हणाल्या. "सकायी मी दंड पुढं करो, हे एखांद्या नंबराची गोष्ट सांगत. कवा टोचलं समजे नाई. आता या येते बिचाऱ्या, पन यायले घाई असते. अन् हे असे बाहेर जाऊन उभे रायते, पायना."

शेजारच्या बाई गेल्या. वानखडेभाऊ आत आले. मी उभा राहिलो.

"भाऊ, बावीसवरची टोपी मी घातली होती."

ते हसले. "राहू द्या, सर. मले बरं वाटावं म्हनून इतक्या दुरून आले तुमी."

"शनिवारी सकाळी घातली. ऊदासाठी. अडगळीतल्या खोक्यातली होती. महिनाभर रोज घालत होतो."

त्यांचं हसू थांबलं. ते खाटेवर बसले. "शनिवारी?"

"हो."

"म्हंजे शुक्रवारी माह्यावाल्या बारा..."

"बारा होत्या. माझ्या टेबलावरच मोजल्या तुम्ही."

"अन् तुमी तिथंच उभे होते. सायेबानं इचारलं तवा."

"होतो."

मला वाटलं ते मारतील. मारायला हवं होतं. "तीन महिने," ते म्हणाले, "म्या हिच्या दंडाले हात नाई लावला." आवाज चढला नाही, फुटला. "रोज सकायी उठून सवताले इचारत होतो, आज वार कोन्ता. बरोबर आला तरी खरं वाटत नोतं. काहून नाई बोलले, सर?"

"भ्यालो."

"कोनाले?"



ते उठले, वहिनींना हाताला धरून माझ्यासमोर आणून बसवलं. "मले नोका सांगू आता. मी सवताचं सांगितलं त हिले खरं नाई वाटनार. म्हनंन, विसरले हे. तुमी हिले सांगा."

बसमध्ये पाठ केलेलं काहीही आठवलं नाही. मी खाली, जमिनीवर बसलो, कारण वहिनींना जवळून थोडं दिसतं.

"वहिनी, वानखडेभाऊ काहीच विसरले नव्हते. विसरलो मी होतो. दोष त्यांच्यावर आला आणि मी तो येऊ दिला. तीन महिने गप्प बसलो. तुमच्या दोघांचा मी फार मोठा अपराध केलाय. मला माफ करा."